'विद्यार्थी-खेळाडू' या संज्ञेची समीक्षा : अमेरिकी महाविद्यालयीन गोल्फच्या संदर्भात

प्रस्तावना

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाजीवनाविषयी गेल्या तीन दशकांत विपुल लेखन झाले आहे. त्यातील बहुतेक लेखन फुटबॉल आणि बास्केटबॉल या दोन खेळांभोवती फिरते. हे स्वाभाविक आहे. प्रचंड प्रेक्षागारे, दूरचित्रवाणीचे करार आणि कुलगुरूंच्या वेतनाला मागे टाकणारी प्रशिक्षकांची वेतने या दोन खेळांतच आढळतात. या लेखनातून उभा राहणारा प्रश्नही त्यामुळे मुख्यतः पैशाचा राहिला आहे. खेळाडूंच्या श्रमांतून मिळणारे उत्पन्न कोणाचे, हा तो प्रश्न होय.

गोल्फ हा खेळ या चित्रात बसत नाही. महाविद्यालयीन गोल्फ स्पर्धेला सहसा तिकीट नसते. प्रेक्षक म्हणजे काही पालक, प्रशिक्षक आणि क्वचित क्लबचे सभासद. या खेळातून विद्यापीठाला उत्पन्न मिळत नाही, उलट खर्चच होतो. असे असूनही गोल्फ संघातील विद्यार्थ्याचा दिनक्रम फुटबॉलपटूपेक्षा कमी व्यग्र नसतो आणि वर्गापासूनचे त्याचे अंतर कित्येकदा अधिकच असते. म्हणूनच 'विद्यार्थी-खेळाडू' या संज्ञेची कसोटी घेण्यासाठी गोल्फ हे उपयुक्त उदाहरण ठरते. पैशाचा प्रश्न बाजूला सारल्यावर मागे काय उरते, हे येथे पाहता येते.

प्रस्तुत लेखात तीन ग्रंथांचा परामर्श घेतला आहे. पहिला, वॉल्टर बायर्स यांचा 'अनस्पोर्ट्‌समनलाइक कंडक्ट' (१९९५). दुसरा, जेम्स शुलमन आणि विल्यम बोवेन यांचा 'द गेम ऑफ लाइफ' (२००१). आणि तिसरा, बोवेन व सारा लेव्हिन यांचा 'रिक्लेमिंग द गेम' (२००३). पहिला ग्रंथ पैसा मोजतो, पुढचे दोन गुण मोजतात. विद्यार्थ्याची वर्गातील उपस्थिती मात्र तिन्ही ग्रंथांत मोजमापाबाहेर राहते, आणि फिरत्या गोल्फ संघाच्या जीवनात नेमकी तीच खर्ची पडते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

संज्ञेची घडण

'स्टुडंट-अॅथलीट' हा शब्द आज इतका रूढ झाला आहे की तो मुद्दाम घडवला गेला होता, याचे विस्मरण होते. नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एनसीएए, या नियामक संस्थेचे बायर्स हे १९५१ ते १९८७ या काळात कार्यकारी संचालक होते. निवृत्तीनंतर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी या शब्दाची जन्मकथा सांगितली आहे. १९५० च्या दशकात जायबंदी झालेल्या महाविद्यालयीन खेळाडूंनी कामगार नुकसानभरपाईचे दावे दाखल करण्यास सुरुवात केली. डेन्व्हर विद्यापीठातील अर्नेस्ट नेमेथ या फुटबॉलपटूच्या दाव्यात कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली त्याला विद्यापीठाचा कर्मचारी मानले. पुढे १९५५ साली त्याच राज्यातील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा खेळाडू रे डेनिसन सामन्यात झालेल्या दुखापतीने मरण पावला. त्याच्या पत्नीचा दावा मात्र १९५७ साली त्याच न्यायालयाने फेटाळला. महाविद्यालय हे फुटबॉलचा व्यवसाय करीत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. याच काळात एनसीएएने 'खेळाडू' या साध्या शब्दाऐवजी 'विद्यार्थी-खेळाडू' हा जोडशब्द सर्वत्र वापरावा असा आग्रह धरला, अशी कबुली बायर्स देतात. व्यवस्थेच्या शिल्पकारानेच दिलेली ही कबुली असल्यामुळे तिचे मोल मोठे आहे.

मराठी व्याकरणाच्या परिभाषेत या जोडशब्दाकडे पाहिल्यास त्याचे अंतरंग अधिक स्पष्ट होते. 'विद्यार्थी-खेळाडू' हा द्वंद्व समास मानला, तर दोन्ही पदे प्रधान ठरतात. जो विद्यार्थी आहे आणि खेळाडूही आहे, असा त्याचा विग्रह होतो. संस्थांच्या माहितीपुस्तिकांत हाच अर्थ अभिप्रेत असतो. कर्मधारय मानला, तर उत्तरपद प्रधान ठरते आणि 'विद्यार्थी असलेला खेळाडू' असा अर्थ निघतो. प्रत्यक्ष व्यवहार या अर्थाच्या अधिक जवळ जातो. बायर्स यांचे म्हणणे मान्य केल्यास मात्र हा समास बहुव्रीहीच ठरतो. दोन्ही पदांबाहेरचे तिसरेच काही, म्हणजे संस्थेची कायदेशीर दायित्वातून सुटका, त्यातून सूचित होते.

बायर्स यांच्या विवेचनाचे सामर्थ्य येथेच आहे. शब्द हा सत्तेचे साधन कसे होतो, हे ते दाखवतात. तथापि त्यांचे लक्ष सतत फुटबॉल-बास्केटबॉलच्या अर्थकारणाकडे असल्यामुळे जोडशब्दातील पहिल्या पदाचे, म्हणजे 'विद्यार्थी' या पदाचे, प्रत्यक्षात काय होते याचा विचार त्यांच्याकडून मागे पडतो. त्यासाठी गोल्फ संघाच्या जीवनक्रमाकडे वळणे आवश्यक आहे.

फिरत्या संघाचा आठवडा

महाविद्यालयीन गोल्फमध्ये स्पर्धेसाठी साधारणतः पाच खेळाडूंचा संघ उतरतो आणि प्रत्येक फेरीत त्यांपैकी सर्वोत्तम चार जणांची गुणसंख्या संघाच्या खात्यात धरली जाते. संघात मात्र पाचांहून अधिक विद्यार्थी असतात. त्यामुळे स्पर्धेपूर्वी संघांतर्गत पात्रता फेऱ्या खेळवल्या जातात. कोणी प्रवास करावयाचा आणि कोणी मागे राहावयाचे, हे त्यांवर ठरते. आपल्याच खोलीत राहणाऱ्या सहाध्यायाला मागे टाकल्याशिवाय प्रवासी पथकात स्थान मिळत नाही. म्हणजे संघभावनेचे शिक्षण देणाऱ्या या व्यवस्थेची पहिली पायरी सहकाऱ्याशी स्पर्धा ही आहे. येथे एक विसंगतीही दिसून येते. जो विद्यार्थी पात्रता फेरीत हरतो, तो सोमवारी वर्गात असतो. वर्गातील उपस्थिती ही या व्यवस्थेत पराभूताच्या वाट्याला येणारी गोष्ट ठरते.

बहुतेक निमंत्रित स्पर्धा ५४ होल्सच्या, म्हणजे तीन फेऱ्यांच्या असतात. पहिल्या दिवशी ३६ आणि दुसऱ्या दिवशी १८ होल्स ही प्रचलित रचना होय. त्याआधीचा दिवस सरावफेरीचा आणि त्याच्याही आधीचे काही तास प्रवासाचे. सोमवारी व मंगळवारी खेळल्या जाणाऱ्या स्पर्धा बऱ्याच असतात. त्यामागे गोल्फ मैदानांच्या मालकीचे कारण आहे. शनिवार-रविवारी खाजगी क्लबांची मैदाने सभासदांनी व्यापलेली असतात, तर सोमवारी अनेक क्लब सभासदांसाठी बंद असतात. विद्यार्थ्यांना मैदान मिळते ते सभासदांच्या सुट्टीच्या दिवशी, आणि तो दिवस महाविद्यालयाच्या कामाचा असतो. फुटबॉलचा सामना शनिवारी विद्यापीठाच्या आवारातच होऊ शकतो. गोल्फ संघाला मात्र 'घरचे मैदान' या शब्दाला फारसा अर्थ नसतो. वर्षभरातील बहुतेक स्पर्धा अन्य गावी, कित्येकदा अन्य राज्यांत होतात. थंड प्रदेशातील विद्यापीठांचे संघ तर वसंत सत्राच्या आरंभी बर्फामुळे दक्षिणेकडे जाण्यावाचून खेळूच शकत नाहीत.

३६ होल्सचा दिवस म्हणजे काय, याची कल्पना असल्याशिवाय पुढील विवेचन स्पष्ट होणार नाही. खेळाडू पहाटे मैदानावर पोहोचतात. अनेक ठिकाणी सर्व गट एकाच वेळी निरनिराळ्या होल्सपासून खेळ सुरू करतात. कॅडी नसतो. काठ्यांची पिशवी स्वतः खांद्यावर वाहावी लागते किंवा हातगाडीवरून ढकलावी लागते. एका फेरीला पाच तास लागणे नेहमीचे आहे, म्हणजे दोन फेऱ्यांचा दिवस दहा तासांहून अधिक होतो आणि चाल पंधरा किलोमीटरच्या पुढे जाते. रात्री हॉटेलच्या खोलीत परतल्यावर विद्यार्थ्याने अर्थशास्त्राचा निबंध किंवा रसायनशास्त्राचा अहवाल लिहावा, अशी अपेक्षा असते.

या संदर्भात एनसीएएचे नियम मुळातून पाहण्यासारखे आहेत. १९९१ साली हंगामातील क्रीडाकार्यावर आठवड्याला २० तासांची आणि दिवसाला ४ तासांची मर्यादा घालण्यात आली. मर्यादा वाजवी वाटते. पण स्पर्धेचा संपूर्ण दिवस, तो प्रत्यक्षात कितीही लांबला तरी, केवळ ३ तासांचा मानला जातो. स्पर्धास्थळी आदल्या दिवशी खेळलेली सरावफेरीही ३ तासांचीच धरली जाते. एरवीच्या सरावफेरीला दिवसाच्या चार तासांच्या मर्यादेतून खास सवलत आहे. आठवड्याची मर्यादा मात्र तिला लागू होते. प्रवासाचे तास मुळी मोजलेच जात नाहीत. अशा रीतीने शनिवारी रात्री निघून मंगळवारी मध्यरात्री परतलेला विद्यार्थी कागदोपत्री त्या काळात अवघे नऊ तास खेळलेला असतो. ही लबाडी आहे असे म्हणता येणार नाही, कारण सर्व काही नियमांत लिहिलेले आहे. परंतु मोजमापाची पद्धतच वास्तव कसे झाकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

वर्गाबाबतचा नियमही असाच बोलका आहे. नेहमीच्या सरावासाठी तास बुडवण्यास एनसीएएची मनाई आहे. अपवाद बाहेरगावच्या स्पर्धेचा. ज्या खेळात बहुतेक सर्वच स्पर्धा बाहेरगावी असतात, त्या खेळात हा अपवाद हाच नियम होऊन बसतो. अधिकृत पत्र दाखवल्यावर प्राध्यापक अनुपस्थिती माफ करतात. चाचणी परीक्षा पुढे ढकलली जाते किंवा हॉटेलात कोणाच्या तरी देखरेखीखाली घेतली जाते. टिपणे मित्राकडून मिळतात. प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिक मात्र टिपणांतून मिळत नाही, आणि चर्चावर्गात कोणी काय विचारले व त्यावर चर्चा कशी वळली, हेही कोणी लिहून ठेवत नाही. विषय निवडतानाच मग सोमवार-मंगळवारचे वर्ग टाळले जातात. कोणता विषय शिकावासा वाटतो यापेक्षा कोणता विषय वेळापत्रकात बसतो, यावर अभ्यासक्रम ठरू लागतो.

पैशाचा युक्तिवाद आणि त्याची मर्यादा

बायर्स यांच्या ग्रंथाने रुजवलेला शोषणाचा युक्तिवाद पुढील तीन दशकांत न्यायालयांत बव्हंशी मान्य झाला, असे म्हणावे लागेल. २०२१ साली 'एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरील एनसीएएची बंधने एकमताने बेकायदा ठरवली. त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेच्या वापरातून उत्पन्न मिळवण्याची मुभा मिळाली. २०२४ साली तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने महाविद्यालयीन खेळाडू किमान वेतन कायद्याखाली कर्मचारी ठरू शकतात, केवळ हौशीपणाच्या नावाखाली ही शक्यता फेटाळता येणार नाही, असा निर्णय दिला. जून २०२५ मध्ये 'हाउस' खटल्यातील तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली आणि विद्यापीठांना खेळाडूंशी थेट उत्पन्नाची वाटणी करण्याचा मार्ग मोकळा झाला. जे सत्य बायर्स यांनी १९९५ साली एकाकीपणे मांडले, ते आज कायद्याच्या भाषेत उतरले आहे.

परंतु गोल्फच्या बाबतीत हा युक्तिवाद अडखळतो. ज्या खेळातून उत्पन्नच नाही, त्यात उत्पन्नाची वाटणी कशाची करावयाची? डिव्हिजन वनमध्ये दीर्घकाळ पुरुषांच्या गोल्फ संघाला एकूण साडेचार आणि महिलांच्या संघाला सहा शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा होती. त्या संघातील अनेकांत विभागून दिल्या जात. त्यामुळे पूर्ण शिष्यवृत्तीवर शिकणारा गोल्फपटू विरळाच असे. 'हाउस' तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत, शिष्यवृत्तीच्या मर्यादेऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली. गोल्फसाठी ती नऊ आहे. या बदलाने काहींना अधिक साहाय्य मिळू शकेल, तसेच काहींची संघातील जागाही जाईल.

शिवाय गोल्फ संघाचा प्रवासखर्च अनेक मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल व बास्केटबॉलच्या उत्पन्नातून भागवला जातो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासाने या हस्तांतराकडे लक्ष वेधले आहे. या दोन खेळांत कृष्णवर्णीय आणि अल्प उत्पन्न गटांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण अधिक, तर त्यांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या इतर खेळांत तुलनेने सुस्थितीतील कुटुंबांतील विद्यार्थी अधिक, असा त्याचा आशय आहे. बालपणापासून मैदान, प्रशिक्षण आणि स्पर्धांचा खर्च झेपल्याशिवाय महाविद्यालयीन गोल्फपर्यंत पोहोचणे कठीण असते. या दृष्टीने पाहता गोल्फपटू हा शोषितापेक्षा लाभार्थीच अधिक ठरतो. बायर्स यांच्या चौकटीत शोषक आणि शोषित या दोनच भूमिका आहेत. ज्याला सवलत मिळते आणि त्याच सवलतीत जो काही गमावतो, अशा तिसऱ्या विद्यार्थ्याला तीत जागा नाही.

गुणांचा युक्तिवाद आणि त्याची मर्यादा

या तिसऱ्या विद्यार्थ्याकडे प्रथम गांभीर्याने पाहिले ते शुलमन आणि बोवेन यांनी. बोवेन हे प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. ३० निवडक महाविद्यालये व विद्यापीठांत १९५१, १९७६ आणि १९८९ साली प्रवेश घेतलेल्या सुमारे ९०,००० विद्यार्थ्यांच्या माहितीवर 'द गेम ऑफ लाइफ' आधारलेला आहे. या ग्रंथाचे मोठे योगदान म्हणजे त्याने चर्चेचा रोख गर्दीच्या खेळांकडून टेनिस, पोहणे, गोल्फ यांसारख्या कमी प्रसिद्धीच्या खेळांकडे वळवला. मोठ्या सरकारी विद्यापीठात खेळाडूंचे प्रमाण नगण्य असते, पण लहान व प्रतिष्ठित महाविद्यालयात ते एकूण विद्यार्थ्यांच्या लक्षणीय हिश्शापर्यंत जाते. म्हणून खेळांचा शैक्षणिक परिणाम तेथेच अधिक खोल असतो, असे लेखक दाखवतात. त्यांनी तपासलेल्या एका प्रातिनिधिक संस्थेत १९९९ च्या प्रवेशप्रक्रियेत, प्रवेशपरीक्षेचे गुण समान धरले असता, प्रशिक्षकाने शिफारस केलेल्या पुरुष खेळाडूची प्रवेशाची शक्यता इतरांपेक्षा ४८ टक्क्यांनी अधिक होती. कमी प्रसिद्धीच्या खेळांचे हे दार किती मोलाचे आहे, हे मार्च २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यातून दिसून आले. श्रीमंत पालकांनी लाच देऊन आपल्या मुलांना नौकानयन, टेनिस अशा खेळांचे खेळाडू म्हणून दाखवले होते.

ग्रंथातील दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. प्रवेशाच्या वेळच्या गुणवत्तेवरून जे यश अपेक्षित धरता येईल, त्यापेक्षा खेळाडूंचे महाविद्यालयीन गुण कमी असतात. याचे कारण वेळेचा अभाव असेल, असे सहज वाटते. परंतु लेखकांनी वाद्यवृंद, विद्यार्थी वृत्तपत्र अशा वेळखाऊ उपक्रमांतील विद्यार्थ्यांशी तुलना केली, तेव्हा त्या विद्यार्थ्यांचे गुण अपेक्षेपेक्षा कमी नव्हे, तर चांगले आढळले. म्हणून केवळ वेळ हे कारण पुरेसे नाही. खेळाडूंची वेगळी संस्कृती आणि प्रवेशाच्या वेळचे निकष यांकडे पाहिले पाहिजे, असे ते सुचवतात. 'रिक्लेमिंग द गेम'मध्ये बोवेन व लेव्हिन यांनी हा विचार पुढे नेला. प्रशिक्षकांनी हेरून आणलेले खेळाडू आणि स्वतःहून संघात आलेले खेळाडू यांच्यात त्यांनी भेद केला. गुणांतील घसरण मुख्यतः पहिल्या गटात आढळते, असे त्यांनी दाखवले.

हा युक्तिवाद भक्कम आहे. तथापि वाद्यवृंदाशी केलेली तुलना तपासून पाहण्याजोगी आहे. व्हायोलिन वाजवणारी विद्यार्थिनी आठवड्याला वीस तास तालमीला देत असेल. पण ती तालीम विद्यापीठाच्या आवारात, बहुधा सायंकाळी होते. सोमवारी सकाळी ती वर्गात असते, दुपारी ग्रंथालयात, रात्री वसतिगृहात. गोल्फपटूनेही तितकेच तास दिले, तरी त्यासाठी तो गावच सोडून गेलेला असतो. दोघांचा वेळ सारखाच खर्च झाला, पण दोघांची उपस्थिती सारखी राहिली नाही. 'वेळ' आणि 'उपस्थिती' या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि 'द गेम ऑफ लाइफ'ची ही तुलना फक्त पहिलीचा हिशेब ठेवते.

यावर एक आक्षेप संभवतो. हेरून आणलेला आणि स्वतःहून आलेला असे दोन्ही खेळाडू एकाच बसमधून प्रवास करतात, एकाच हॉटेलात उतरतात आणि तेच वर्ग चुकवतात. मग गुणांतील घसरण पहिल्यातच का दिसावी? हा आक्षेप ग्राह्य मानला पाहिजे. उपस्थितीचा अभाव हे गुण कमी होण्याचे मुख्य कारण आहे, असे त्यामुळे म्हणता येत नाही. परंतु यातूनच अधिक महत्त्वाचा मुद्दा पुढे येतो. स्वतःहून संघात आलेल्या विद्यार्थ्याचे गुण टिकून राहतात, पण सोमवारचा चर्चावर्ग त्यालाही मिळालेला नसतो. गुणपत्रिका त्याच्या हानीची नोंद करीत नाही. गुण हेच शिक्षणाचे माप मानले, तर त्याचे काहीच बिघडलेले नाही. शिक्षण म्हणजे सहाध्यायांच्या सहवासात, शिक्षकासमोर, अनपेक्षित प्रश्नांना सामोरे जात घडणारी क्रिया असे मानले, तर त्याचे बरेच काही हुकले आहे. दोन्ही ग्रंथांची सांख्यिकी या हुकलेल्या भागापर्यंत पोहोचत नाही. कारण जे परीक्षेत उतरत नाही, ते त्यांच्या पद्धतीत मोजताच येत नाही.

खेळातून मिळणारे शिक्षण

येथे दुसरी बाजूही मांडणे न्याय्य ठरेल. गोल्फ हा स्वतःही शिक्षण देणारा खेळ आहे. मैदानावर प्रत्येक गटासोबत पंच नसतो. खेळाडू परस्परांची गुणसंख्या लिहितात आणि पत्रिकेवर स्वाक्षरी करून तिची जबाबदारी घेतात. स्वतःच्या हातून नियमभंग झाल्यास तो स्वतःच जाहीर करावा, अशी या खेळाची परंपरा आहे. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स यांनी कोणाच्याही लक्षात न आलेला दंड स्वतःहून लावून घेतला आणि शेवटी जादा फेरीत ते पराभूत झाले, ही घटना सर्वश्रुत आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला परक्या गावी, थकव्याच्या अवस्थेत, कोणी पाहत नसताना प्रामाणिक राहावे लागणे, हे कोणत्याही नीतिशास्त्राच्या तासिकेइतकेच मोलाचे आहे. प्रवासातून येणारी स्वावलंबनाची सवय आणि अपयश पचवण्याची क्षमता यांचाही विचार करावा लागतो. शुलमन व बोवेन यांच्या पाहणीत माजी पुरुष खेळाडूंचे पुढील उत्पन्न, विशेषतः वित्तक्षेत्रात, इतरांपेक्षा अधिक आढळले. पण चारित्र्य खेळाने घडते की तशी व्यक्तीच खेळाकडे वळते, याविषयी त्यांनी सावध भूमिका घेतली आहे. ती योग्यच आहे.

जोन्स यांचे उदाहरण आणखी एका कारणासाठी उद्बोधक आहे. जॉर्जिया टेकमधून १९२२ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर त्यांनी १९२४ साली हार्वर्डमधून इंग्रजी साहित्याची पदवी मिळवली. आधी जॉर्जिया टेकच्या संघातून खेळल्यामुळे हार्वर्डच्या संघात त्यांना खेळता येत नव्हते. तेथे त्यांनी संघाचे साहाय्यक व्यवस्थापक म्हणून काम केले. द्वंद्व समासातील दोन्ही पदे प्रधान असण्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय. पुढील काळातील नामवंतांची वाट निराळी आहे. जॅक निक्लॉस यांनी ओहायो स्टेटकडून १९६१ साली आणि टायगर वूड्स यांनी स्टॅनफर्डकडून १९९६ साली एनसीएएचे वैयक्तिक विजेतेपद मिळवले. दोघांनीही पदवी पूर्ण होण्याआधीच विद्यापीठ सोडले. भारतीय वाचकांना परिचित असलेले जीव मिल्खा सिंग यांनी टेक्सासमधील अॅबिलीन ख्रिश्चन विद्यापीठाकडून १९९३ साली डिव्हिजन टूचे वैयक्तिक विजेतेपद मिळवले, त्याच वर्षी व्यावसायिक खेळ सुरू केला आणि पदवी १९९६ साली पूर्ण केली. खेळ आणि शिक्षण येथे एकाच वेळी न घडता एकामागून एक पूर्ण होतात. कदाचित अधिक प्रामाणिक व्यवस्था ती हीच असेल.

हजेरी आणि उपस्थिती

या चर्चेचा महाराष्ट्रातील महाविद्यालयांशी संबंध मर्यादित, पण खरा आहे. येथे फिरते गोल्फ संघ नाहीत. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी कबड्डी, खो-खो, कुस्ती वा क्रिकेटचे संघ मात्र परराज्यांत जातात. खेळाडूंना उपस्थितीच्या अटीत सवलत मिळते, काही ठिकाणी सवलतीचे गुणही मिळतात. ही सवलत आवश्यक आहे. बहुतेक खेळाडू अशा घरांतून येतात जेथे खेळ ही नोकरीची एकमेव आशा असते. मराठीत 'हजेरी' आणि 'उपस्थिती' हे दोन शब्द आहेत. व्यवहारात ते एकाच अर्थाने वापरले जातात, पण हजेरी हजेरीपटावर लागते, उपस्थिती माणसाची असते. हजेरी माफ करता येते. उपस्थिती भरून द्यावी लागते. अमेरिकी व्यवस्थेने शिकवणीवर्ग, समुपदेशक आणि अभ्यासिका यांवर मोठा खर्च करून तिची उणीव भरण्याचा प्रयत्न केला, तरीही प्रश्न सुटला नाही. जेथे केवळ हजेरीपटावर 'क्रीडा' असा शेरा मारून विषय संपतो, तेथे तो अधिक बिकट असणार हे उघड आहे. परतलेल्या खेळाडूसाठी बुडालेले प्रात्यक्षिक पुन्हा घेणे, हे त्याला दोन गुण वाढवून देण्यापेक्षा अधिक कष्टाचे, पण विद्यार्थी म्हणून त्याचा मान राखणारे काम आहे.

समारोप

बायर्स यांनी 'विद्यार्थी-खेळाडू' या शब्दामागील आर्थिक हेतू उघड केला; शुलमन, बोवेन आणि लेव्हिन यांनी त्या शब्दाचा शैक्षणिक पडताळा घेतला. दोन्ही प्रयत्न मोलाचे आहेत. परंतु पहिल्याने दाखवलेले शोषण गोल्फला पुरते लागू होत नाही आणि दुसऱ्याने मोजलेली गुणांतील घट गोल्फपटूची खरी हानी सांगत नाही. खेळाडूला त्याच्या श्रमांचे मोल मिळावे, ही मागणी आता बऱ्याच अंशी मान्य झाली आहे. उद्या प्रत्येक गोल्फपटूला पूर्ण शिष्यवृत्ती आणि वर वेतनही मिळाले, तरी सोमवारी सकाळी वर्गातील त्याची जागा रिकामीच राहील. तिचे उत्तर न्यायालय देऊ शकत नाही. स्पर्धा सुट्टीच्या दिवसांत घेणे, त्यांची संख्या कमी करणे, किंवा खेळाची वर्षे आणि अभ्यासाची वर्षे वेगळी करणे, हे निर्णय शिक्षणसंस्थांनी आणि मुख्यतः त्यांतील अध्यापकांनी घ्यावयाचे आहेत. अनुपस्थिती माफ करणारी स्वाक्षरी अखेर अध्यापकाचीच असते. ती करताना आपण विद्यार्थ्याला काय देत आहोत आणि त्याच्याकडून काय काढून घेत आहोत, याचा विचार झाला, तरच या समासातील पहिल्या पदाला पुन्हा अर्थ प्राप्त होईल.